गाजर गवत: ओळखायचं कसं, उपटायचं कधी आणि पुन्हा उगवू नये म्हणून काय करायचं

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की पिकाच्या आधी जे उगवतं ते म्हणजे गाजर गवत. बांधावर, रस्त्याच्या कडेला, गावठाणात, शाळेच्या मैदानात, स्मशानभूमीत, उकिरड्याभोवती, जिथे मोकळी जागा तिथे ते हजर. आपल्याकडे कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कोणी चटक चांदणी म्हणतं. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

या तणाबद्दल सगळ्यांनाच थोडीफार माहिती असते, पण ते उपटायची वेळ मात्र बहुतेक ठिकाणी चुकते. पांढरी फुलं दिसू लागली की लोक जागे होतात. तोपर्यंत बी तयार व्हायला लागलेलं असतं आणि उपटता उपटताच ते जमिनीत पडतं. म्हणून या लेखातली मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: गाजर गवत फुलावर येण्याआधी, ओल्या जमिनीत, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं. आणि हे एकट्याने नाही, शिवाराने मिळून करायचं. बाकीची माहिती खाली क्रमाने दिली आहे.

हे तण आलं कुठून?

गाजर गवत मूळचं आपल्याकडचं नाही. ते मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या अमेरिका खंडातल्या भागातलं. महाराष्ट्राचा संबंध असा की, भारतात त्याची ठळक नोंद पुण्यात १९५५ च्या सुमारास झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर बी आलं असं मानलं जातं. त्यानंतर ते देशभर पसरलं. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या अंदाजाप्रमाणे आज देशातली सुमारे ३.५ कोटी हेक्टर जमीन या तणाने व्यापली आहे.

आपल्याकडे ते एवढं का माजलं? मूळ देशात त्याला खाणारे किडे आणि त्याच्यावर पडणारे रोग आहेत. इथे आलं ते एकटंच, त्याचे शत्रू तिकडेच राहिले. शिवाय चव कडू असल्यामुळे जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. बाकीचं गवत चरून संपतं आणि हे मागे उभं राहतं. गायरानं गाजर गवताने भरण्याचं हे एक मोठं कारण आहे.

ओळखायचं कसं?

नावात गवत असलं तरी हे गवत नाही. हे रुंद पानाचं झुडूपवजा तण असून सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. हे माहीत असणं कामाचं आहे. कारण दुकानात मिळणारी, फक्त गवतवर्गीय तणांवर चालणारी तणनाशकं याच्यावर चालत नाहीत. ती मारून पैसे वाया जातात.

वाढीच्या तीन अवस्थांत ते वेगवेगळं दिसतं.

*पहिली अवस्था, चक्राची:* उगवल्यावर पहिले काही आठवडे पानं जमिनीलगत गोल पसरतात. पान गाजराच्या किंवा झेंडूच्या पानासारखं खोल कातरलेलं, फिकट हिरवं, हाताला लवदार लागतं. उंची फारशी नसते, म्हणून लक्ष जात नाही. उपटायची खरी वेळ मात्र हीच.

*दुसरी अवस्था, खोड वर येण्याची:* मधून एक सरळ खोड निघतं. खोडावर उभ्या रेषा आणि बारीक लव असते. वरच्या बाजूला भरपूर फांद्या फुटतात. पाणी आणि जागा मिळाली तर झाड कमरेच्या वर, कधी माणसाच्या उंचीलाही जातं.

*तिसरी अवस्था, फुलाची:* फांद्यांच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी फुलं झुपक्याने येतात. प्रत्येक फूल जवळून पाहिलं तर पाच कोपऱ्यांचं दिसतं. उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात फुलं यायला सुरुवात होते. तीन-चार महिन्यांत झाड आपला जन्म पूर्ण करतं आणि ओल असेल तर वर्षात पुन्हा पुन्हा उगवतं.

लहान असताना ते गाजर, झेंडू किंवा शेवंतीच्या रोपासारखं वाटू शकतं. पान चुरगाळून वास घेऊन बघायची सवय असेल तर ती इथे वापरू नका. त्याऐवजी असं बघा: गाजराचं रोप उपटलं की मुळाला गाजराचा वास येतो, झेंडूच्या रोपाला जवळ गेलं तरी वास येतो. गाजर गवताला असा ओळखीचा वास नाही, आणि मूळ पांढरट, सरळ सोटासारखं असतं.

एका झाडाचा हिशोब

एका फुलात पाच बिया असतात. वाचायला थोडं वाटतं, पण एका मोठ्या झाडाला हजारो फुलं येतात. एक झाड साधारण १५ ते २५ हजार बिया तयार करू शकतं. समजा त्यातलं शंभरातलं एकच बी उगवलं. तरी १५ हजारांमागे १५० नवी झाडं झाली. बांधावर सोडून दिलेल्या एका झाडाची ही पुढची पिढी.

बी अगदी बारीक आणि हलकं असतं. ते वाऱ्याने थोडं उडतं, पण खरा प्रवास करतं पाण्याबरोबर आणि आपल्याबरोबर. पावसाचं वाहतं पाणी, पाटाचं पाणी, ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेला चिखल, हार्वेस्टर, नांगर, रोटाव्हेटर, रस्त्यासाठी आणलेला मुरूम, विकत घेतलेलं शेणखत, बाहेरगावचा कडबा, जनावरांचे खूर, अशा सगळ्या मार्गांनी ते येतं. ज्या शेतात कधी गाजर गवत नव्हतं तिथे शेणखताच्या ढिगाजवळ ते पहिल्यांदा दिसतं, त्याचं कारण हेच.

जमिनीत गाडलं गेलेलं बी लगेच मरत नाही. ते काही वर्षं तसंच जिवंत राहतं आणि नांगरटीत वर आलं की उगवतं. म्हणून एका वर्षी साफ केलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवलं तर कष्ट वाया गेले असं समजू नका. जमिनीतला जुना साठा बाहेर पडतोय. नवं बी पडू दिलं नाही तर तीन-चार हंगामांत फरक दिसतो.

माणसाला काय त्रास होतो?

या झाडात पार्थेनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते पानं, खोड आणि फुलांवरच्या बारीक लवेतही असतं. कातडीला वारंवार लागलं की काही माणसांना त्याची ॲलर्जी होते. पुणे भागातल्या अशा त्वचारोगाच्या नोंदी १९७० च्या दशकातच वैद्यकीय नियतकालिकांत आल्या होत्या.

लक्षणं साधारण अशी:

- पापण्या, चेहरा, मान, कोपराची आणि गुडघ्याची घडी या ठिकाणी खाज, लाली, पुरळ
- पुढे कातडी जाड, काळपट आणि भेगाळलेली होणे
- उन्हात गेलं की त्रास वाढणे
- शिंका, नाक गळणे, डोळ्यांतून पाणी, घसा खवखवणे
- दम्याच्या रुग्णांना धाप लागणे

पहिल्यांदा हात लावल्यावर काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही असं नाही. काहींना वर्षानुवर्षं काहीच होत नाही आणि मग एका हंगामात अंगावर उठतं. एकदा ॲलर्जी जडली की ती बहुधा कायमची राहते. मग झाडाला हात न लावता, नुसतं वाळलेल्या गवताच्या धुळीत उभं राहिलं तरी त्रास होतो. शेतावर जगणाऱ्या माणसासाठी ही साधी गोष्ट नाही. शेतात जायचंच बंद करावं लागतं अशी वेळ येते.

याचा सगळ्यात जास्त धोका खुरपणीला जाणाऱ्या बायांना आहे, कारण दिवसभर हात त्यातच असतात. म्हणून मजूर लावणाऱ्याने हातमोजे दिलेच पाहिजेत.

दुसरी गोष्ट शाळेची. १५ ऑगस्टच्या आधी मैदान साफ करायचं म्हणून पोरांना उघड्या हातांनी गाजर गवत उपटायला लावलं जातं. हे बंद व्हायला हवं. पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने यावर बोललं पाहिजे. हे काम मोठ्या माणसांनी, पूर्ण काळजी घेऊन करायचं आहे.

त्रास सुरू झाला तर साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, कपडे बदला आणि ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. रॉकेल, चुना, लिंबू असलं काही लावू नका. मेडिकलमधून मनाने मलम आणून महिनोन्‌महिने लावू नका, त्यातल्या स्टिरॉइडने कातडी पातळ होते. डॉक्टरांना आपण शेतात कशात काम करतो हे आवर्जून सांगा, म्हणजे निदान लवकर होतं.

जनावरं आणि दूध

जनावर पोट भरलेलं असेल तर गाजर गवत खात नाही. पण चारा कमी पडला, किंवा हिरवा चारा कापताना हे तण त्यात मिसळून कुट्टी झाली, तर ते पोटात जातं. अशा गाई-म्हशींच्या दुधाला कडवट चव येते. जास्त प्रमाणात गेलं तर तोंडात फोड, अंगावर खाज, केस गळणे, जुलाब असा त्रास होतो. चाऱ्यातलं प्रमाण फार वाढलं तर जनावर दगावूही शकतं.

म्हणून बांधावरचा चारा कापणाऱ्याने आधी गाजर गवत बाजूला काढावं, मगच विळा चालवावा. दूध कडू लागतंय अशी डेअरीतून तक्रार आली तर गव्हाणीतला चारा एकदा तपासून बघा.

पिकाचं नुकसान

पाणी, खत आणि जागा हे तर कुठलंही तण खातंच. गाजर गवत त्याशिवाय आणखी काही करतं. त्याच्या मुळांतून आणि कुजणाऱ्या पानांतून निघणारी द्रव्यं शेजारच्या बियांची उगवण आणि रोपांची वाढ रोखतात. त्याचे परागकण टोमॅटो, मिरची, वांगी अशा पिकांच्या फुलांवर पडले तर फळधारणा कमी होते.

कापूस उत्पादकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कपाशीवर येणारा पिठ्या ढेकूण गाजर गवतावर आरामात जगतो. कापूस निघाला तरी बांधावरच्या गाजर गवतावर तो टिकतो आणि पुढच्या हंगामात पुन्हा पिकात येतो. पांढरा कापसासारखा थर बांधावरच्या झाडांवर दिसला तर तिकडे दुर्लक्ष करू नका.

सूर्यफूल आणि भुईमुगावर येणाऱ्या एका विषाणूजन्य रोगाचाही याच्याशी संबंध आहे. २००० साली आंध्र प्रदेशच्या अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगावर या रोगाची मोठी साथ आली होती. शेंडे वाळून झाडं मेली. हा विषाणू गाजर गवतात लक्षणं न दाखवता राहतो. त्याच्या परागकणांबरोबर आणि फुलकिड्यांमार्फत तो पिकावर जातो. म्हणजे शेत स्वच्छ आणि बांध गाजर गवताने भरलेला असेल तर फवारणीचा खर्च कमी होणार नाही.

उपाय १: हाताने उपटणे

सगळ्यात खात्रीचा उपाय हाच आहे, फक्त तो नीट केला पाहिजे.

- पाऊस होऊन गेल्यावर, जमीन ओली असताना उपटा. सोटमूळ अख्खं निघतं. कोरड्या जमिनीत झाड तुटतं आणि बुडातून पुन्हा फुटतं.
- चक्राच्या अवस्थेत खुरप्याने मुळाखालून काढा.
- रबरी हातमोजे घाला. नसतील तर हातात जाड प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल, पायात बूट.
- दम्याचे रुग्ण, आधीपासून ॲलर्जी असलेले आणि लहान मुलं या कामात नकोत.
- काम झाल्यावर आधी हात-तोंड साबणाने धुवा, मग घरात जा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका.

फूल नसलेली झाडं मुळं वर करून कडक उन्हात वाळवली तरी चालतं. फुलावर आलेली झाडं मात्र बांधावर किंवा उकिरड्यावर टाकायची नाहीत. ती अलगद पोत्यात भरा आणि खोल खड्ड्यात पुरा. झटकू नका, ओढत नेऊ नका.

ग्रास कटरने वरून कापणं हा उपाय नाही. चार बोटं खोड उरलं की त्यातून चार फांद्या फुटतात आणि आणखी लवकर फूल येतं. कापायचंच असेल तर फुलाआधी कापा आणि पंधरा दिवसांनी परत येऊन बुडखे काढा.

उपाय २: मेक्सिकन भुंगा

गाजर गवताचा मूळ देशातला एक शत्रू भारतात आणला गेला. झायगोग्रामा बायकोलोराटा नावाचा हा भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळुरूला आणला आणि चाचण्यांनंतर १९८४ पासून सोडायला सुरुवात झाली. आता तो बऱ्याच भागांत आपोआप दिसतो.

ओळख सोपी आहे. चणाडाळीएवढा, मळकट पांढरा रंग, पाठीवर गडद तपकिरी नागमोडी रेषा. मादी पानाखाली अंडी घालते. अळ्या आणि भुंगे दोन्ही पानं खातात आणि झाडाचा नुसता सांगाडा ठेवतात. पावसाळ्यात, साधारण जून ते ऑक्टोबर, त्यांचं काम जोरात चालतं. थंडीत आणि उन्हाळ्यात ते जमिनीत जाऊन पडून राहतात.

काही ठिकाणी हा भुंगा सूर्यफुलावर दिसला म्हणून मध्यंतरी शंका घेतली गेली होती. पण सूर्यफुलाचं मोठं नुकसान करणारी कीड तो ठरला नाही.

हे भुंगे आपल्या जागेवर आणायचे असतील तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात चौकशी करा. एका जागेवर साधारण ५०० ते १००० भुंगे सोडायची शिफारस आहे. ज्या गायरानात भुंगे दिसतात तिथून गोळा करून दुसरीकडेही सोडता येतात. जिथे भुंगे सोडले तिथे कीटकनाशक मारू नका आणि सगळी झाडं एकदम उपटू नका, नाहीतर त्यांना खायलाच उरणार नाही. म्हणून हा उपाय शेतापेक्षा गायरान, रस्त्याची कड आणि पडीक जमिनीसाठी चांगला.

उपाय ३: तरोटा

तरोटा, म्हणजेच टाकळा, गाजर गवताला दाबतो. पहिल्या पावसाबरोबर तो दाट उगवतो, जागा झाकतो आणि गाजर गवताच्या रोपांना ऊन मिळू देत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तरोट्याच्या शेंगा वाळल्या की बी गोळा करून ठेवा. मे महिन्यात, पावसाच्या आधी, रस्त्याच्या कडेला आणि पडीक जागेत फेका. एका वर्षात जादू होत नाही, पण दोन-तीन वर्षांत तरोट्याचा पट्टा वाढत जातो. कोवळ्या तरोट्याची भाजी होते, हा वरचा फायदा. पिकाच्या शेतात मात्र तरोटा नको, तिथे तोही तणच आहे.

उपाय ४: तणनाशक आणि मीठ

तणनाशक हा शेवटचा उपाय समजावा. वापरायचंच असेल तर झाड लहान असताना, फुलाआधी वापरा. फुललेल्या झाडावर मारलं तर झाड वाळतं, पण तयार झालेलं बी मरत नाही.

*पडीक जागेत:* ग्लायफोसेट ४१ टक्के, १० ते १५ मिली प्रति लिटर पाणी अशी शिफारस आहे. ते समोर येईल ती हिरवी गोष्ट मारतं, त्यामुळे चारा आणि तरोटाही जातो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणले. म्हणून घेण्याआधी सध्याचा नियम काय आहे ते कृषी सहायकांना विचारा. मेट्रिब्युझिन ७० टक्के, ३ ते ५ ग्रॅम प्रति लिटर, हा दुसरा पर्याय सांगितला जातो. त्याने गवत बरंचसं वाचतं.

*पिकात:* डब्याच्या लेबलवर आपल्या पिकाचं नाव असेल तरच वापरा. मक्यात पेरणीनंतर लगेच, उगवणीपूर्वी ॲट्राझिनची शिफारस आहे. तेच सोयाबीन किंवा तुरीत मारलं तर पीक जाईल.

*२,४-डी बद्दल इशारा:* कपाशी, द्राक्ष, टोमॅटो, मिरची ही पिकं याला फार नाजूक आहेत. वाऱ्याने उडालेला थोडा फवाराही शेजाऱ्याच्या कपाशीची पानं आकसवून टाकतो. बांधावर २,४-डी मारल्यामुळे भाऊबंदकीत भांडणं लागतात. आजूबाजूला कापूस असेल तर ते मारूच नका.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. पाणी स्वच्छ वापरा, गढूळ पाण्यात ग्लायफोसेटचा असर कमी होतो. वारा पडलेला असताना, पुढचे काही तास पाऊस नाही असं बघून फवारा. फवारलेल्या जागेत जनावरं सोडू नका.

*मिठाचं पाणी:* अंगण, पायवाट, भिंतीच्या कडा, फरशीच्या फटी अशा ठिकाणी १५ ते २० टक्के मिठाचं द्रावण चालतं. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला सव्वादोन ते तीन किलो मीठ. कडक उन्हात, पानं पूर्ण भिजतील असं फवारा आणि पंप लगेच धुवा. शेतात किंवा बांधावर हे करू नका, जमीन खारवते.

कंपोस्ट करता येतं का?

येतं, पण अट एकच: झाडं फुलावर आलेली नसावीत. पाणी साचणार नाही अशा जागी ३ फूट खोल, ६ फूट रुंद, १० फूट लांब खड्डा घ्या. सुमारे ५० किलो हिरवं गाजर गवत पसरा, त्यावर शेणकाला, थोडा युरिया किंवा रॉक फॉस्फेट, मग माती. असे थर देत खड्डा भरा आणि वरून शेण-मातीने घुमटासारखा लिंपून बंद करा. चार-पाच महिन्यांत खत तयार होतं. चाळून वापरा. उघड्या ढिगात आतली उष्णता पुरेशी वाढत नाही, बी मरत नाही, आणि ते खत शेतात टाकणं म्हणजे आपल्या हाताने पेरणी.

वर्षाचं वेळापत्रक

- मे: पडीक जागेत तरोट्याचं बी फेकणे.
- जून-जुलै: पहिल्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांत पहिली उपटणी. ही चुकली तर वर्षभर मागे पळावं लागतं.
- ऑगस्ट: दुसरी उपटणी. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागरूकता सप्ताह असतो. पोळ्याच्या आधी गायरान आणि पाणवठ्याच्या वाटा साफ होतील असं बघा.
- सप्टेंबर-ऑक्टोबर: उशिरा उगवलेली झाडं काढणे.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: तरोट्याचं बी गोळा करणे.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: ओलिताच्या शेतात, पाटाच्या कडेला, ठिबकच्या नळीखाली लक्ष ठेवणे. थंडीत झाड चक्राच्याच अवस्थेत बराच काळ राहतं, काढायला सोपं जातं.
- मार्च-एप्रिल: हौद, बोअर, नळकोंडाळं यांच्या ओलीवर उभी असलेली झाडं काढणे. उन्हाळ्यात हीच बियाण्याची झाडं असतात.

गावात हमखास विचारले जाणारे प्रश्न

*पेटवून दिलं तर?* वरचं वाळलेलं झाड जळतं, जमिनीतलं बी तसंच राहतं. धुराने दम्याच्या माणसांना त्रास होतो आणि बांधावरची झाडं होरपळतात.

*खोल नांगरट केली तर?* वरचं बी खाली जातं, पण खालचं जुनं बी वर येतं. नांगरटीनंतर पहिल्या पावसाला उगवलेलं कोळपून काढलं तरच फायदा.

*शेळ्या खातात, मग चारू का?* नका. दूध कडू होतं आणि अंगाला चिकटलेलं बी दुसरीकडे जातं.

*माझं शेत साफ आहे, तरी का येतं?* कारण शेजारचा बांध, रस्ता आणि नाला साफ नाही. उतारावर वरच्या बाजूला जे असेल त्याचं बी खाली येतं.

गावाने मिळून काय करावं?

या तणाचा खरा कारखाना कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागेत चालतो. रस्त्याची कड, गायरान, शाळेमागची जागा, बंद पडलेली इमारत, नाल्याचा काठ. तिथलं कोणी काढत नाही, म्हणून शेतातलं कितीही काढलं तरी पुरत नाही.

त्यासाठी मे किंवा जूनमधल्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. वाडी-वस्तीप्रमाणे जागा वाटून घ्या. बचत गट, तरुण मंडळ, शेतकरी गट यांनी एकेक पट्टा घ्यावा. हातमोज्यांचा खर्च ग्रामपंचायतीने करावा. मुरूम, शेणखत किंवा कडबा बाहेरून आणताना तो कुठून येतोय हे बघा. भाड्याचा ट्रॅक्टर, हार्वेस्टर शेतात घेण्याआधी चाकं आणि पाती झाडून, धुवून घ्या. अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि पाण्याच्या टाकीभोवतीची जागा सगळ्यात आधी साफ करा, कारण तिथे लहान मुलं आणि आजारी माणसं येतात.

पाऊस झाला की आपल्या बांधावर, घरामागे एक फेरी मारा. जमिनीलगत कातरलेल्या पानांचं हिरवं चक्र दिसलं तर त्याच दिवशी काढा. आज एक मिनिटाचं काम आहे. दीड महिन्याने त्याच झाडावर हजारो बिया असतील.